निलगिरीवर निलगिरी नव्हती

मराठीत निलगिरी हे आधी झाड आहे आणि मग डोंगर. आमच्या साताऱ्याच्या घरी कोणाला सर्दी झाली की आई रुमालाच्या टोकाला गाठ मारून त्यावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकत असे, आणि दक्षिणेत त्या नावाची एक पर्वतरांगही आहे हे मला भूगोलाच्या पुस्तकातून फार उशिरा कळले. पुढे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवताना मी फळ्यावर ‘निलगिरी’ लिहून त्याखाली ‘मूळ स्थान ऑस्ट्रेलिया’ असे लिहीत असे आणि मुले हसत. पंचवीसहून अधिक वर्षे ही विसंगती सांगूनही तो डोंगर मी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. निवृत्तीनंतरच्या पहिल्या जानेवारीत धाकट्या भावाला सोबत घेऊन मी निलगिरीवर गेले, ते तिथल्या बागा पाहण्यासाठी. तेथे पाच दिवस राहिले. वहीतल्या नोंदींवरून हे लिहिते आहे.

डोंगराचे नाव झाडाहून पुष्कळ जुने आहे. 1117 च्या एका होयसळकालीन शिलालेखात तोडा या तिथल्या आदिवासी लोकांचा आणि नील पर्वताचा उल्लेख येतो. झाड मात्र 1843 च्या सुमारास, कॅप्टन कॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर, तेथे आले. पुढे त्याच्या पानांचे तेल डोंगरावर गाळले जाऊ लागले, ते बाटल्यांतून देशभर गेले आणि ज्या गावाहून बाटली येते त्या गावाचे नाव आपण झाडाला देऊन टाकले असावे.

मेट्टुपाळयमहून कुन्नूरला जाण्यासाठी आम्ही डोंगरी रेल्वे धरली. 1899 मध्ये कुन्नूरपर्यंत आणि 1908 मध्ये उदगमंडलमपर्यंत, म्हणजे उटीपर्यंत, पोहोचलेला हा शेहेचाळीस किलोमीटरचा मार्ग आहे. कल्लार स्थानकानंतर चढ इतका तीव्र होतो की रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून, मागून ढकलणाऱ्या इंजिनाच्या जोरावर गाडी चढते. खिडकीतून दिसणारी झाडे दर अर्ध्या तासाने बदलत होती: खाली सुपारी आणि फणस, मधल्या पट्ट्यात बांबू आणि दाट सदाहरित रान, आणि वर पोहोचता पोहोचता चहा. येथे बाग लावणाऱ्याला हवामान बदलून हवे असेल तर त्याने फक्त काही किलोमीटर वर किंवा खाली सरकायचे, ही या प्रदेशाची खरी श्रीमंती आहे आणि इंग्रजांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

दुसऱ्या दिवशी बसने उलट खाली येऊन आम्ही बर्लियार आणि कल्लार येथील सरकारी फळबागा पाहिल्या. बर्लियारची बाग आधी एका कलेक्टरची खासगी बाग होती आणि 1871 मध्ये ती सरकारने घेतली. कल्लारची बाग 1900 मधली. पर्यटक सहसा येथे उतरत नाहीत, कारण फुलांचे ताटवे नाहीत आणि फोटोसाठी बांधलेले कारंजेही नाही. येथे आहेत ती जायफळाची, लवंगेची, दुरियनची आणि मँगोस्टीनची झाडे, म्हणजे मलाया आणि मसाल्याच्या बेटांवरचे वैभव पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावर आणून बसवण्याचा प्रयत्न. मँगोस्टीनच्या जाड, चकचकीत पानांकडे पाहताना मला लगेच रातांबा आठवला, कारण दोन्ही गार्सिनिया या एकाच प्रजातीसमूहातले. जांभळ्या टरफलाच्या आत पांढरा गर हीच रचना, फक्त आपल्या रातांब्याने आंबटपणा सोडला नाही. भावाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे ताई, हा आमसुलाचा सुखवस्तू चुलतभाऊ.” इतकी वर्षे शिकवले, पण इतके नेमके वाक्य मला कधी सुचले नव्हते.

कुन्नूरच्या सिम्स पार्कबद्दल थोडक्यात सांगते. 1874 मध्ये जे. डी. सिम आणि मेजर मरे यांच्या पुढाकाराने एका नैसर्गिक घळीत ही बारा हेक्टरांची बाग आकाराला आली. मुळातली काही रानटी झाडे न तोडता त्यांच्याभोवती बाग रचल्यामुळे तिच्यात मांडणीचा ताठरपणा नाही. रुद्राक्षाचे झाड येथे आहे आणि त्याच्याखाली गर्दीही आहे. खाली पडलेली निळी फळे शोधणाऱ्यांमध्ये माझा भाऊही होता. दर मे महिन्यात येथे फळांचे प्रदर्शन भरते. बागेसमोरच 1907 मध्ये सुरू झालेली पाश्चर संस्था आहे, जिने पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस दक्षिण भारतात तयार केली. बाग पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांची मान त्या फाटकाकडे वळते.

उदगमंडलमच्या शासकीय वनस्पती उद्यानाला मात्र मी दीड दिवस दिला, आणि तोही कमी पडला.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता फाटक उघडताच आम्ही आत गेलो. रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळ उतरला होता आणि समोरची संपूर्ण हिरवळ दवाच्या ऐवजी दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, पांढरी झाली होती. माळ्यांनी नाजूक रोपांवर वाळलेल्या फांद्यांचे छप्पर घातले होते. ऊन वरच्या बाजूने हळूहळू खाली सरकत होते आणि जिथे ते पोहोचेल तिथे पांढरा रंग पुसला जाऊन हिरवा दिसू लागे. ही हिरवळ किकुयू गवताची, म्हणजे पूर्व आफ्रिकेतली. ज्या हिरवळीवर बसून लोक ‘निलगिरीचे निसर्गसौंदर्य’ असे म्हणत छायाचित्रे काढतात, ती हिरवळसुद्धा पाहुणी आहे, हे लक्षात आल्यावर मी वहीत एक नवा रकाना आखला आणि प्रत्येक नोंदीपुढे मूळ देश लिहू लागले. दुपारपर्यंत त्या रकान्यात चिली, जपान, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, चीन आणि दक्षिण आफ्रिका येऊन गेले. निलगिरी एकदाच आले.

या बागेचा उगम भाजीत आहे. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन 1819 मध्ये या पठारावर चढून आला, 1822 मध्ये त्याने येथे दगडी घर बांधायला घेतले आणि त्यासाठी तोडा लोकांकडून जमीन एकरी एक रुपया या दराने घेतली. बटाटे, कोबी, इतर युरोपीय भाज्या, फळझाडे असे जे जे त्याच्या हाताला लागले ते त्याने लावून पाहिले. पुढे येथे येऊन राहिलेल्या गोऱ्या कुटुंबांना या भाज्यांची इतकी गरज वाटू लागली की 1847 मध्ये त्यांनी वर्गणी काढून एक भाजीचा मळा सुरू केला. वर्गणीची योजना फार दिवस चालली नाही. मात्र मद्रासचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांनी तिच्या जागी रीतसर उद्यान उभारण्याला पाठबळ दिले आणि 1848 मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात तयार झालेला विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर हा माळी येथे अधीक्षक म्हणून दाखल झाला.

त्याला मिळालेली जागा दोड्डबेट्टा शिखराच्या पायथ्याचा उतार होती: वर दाट रान, खाली पाणथळ. मॅकआयव्हरने चर खणून पाणी वळवले, उताराला टप्पे पाडले, वाटा आखल्या. या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. आज बावीस हेक्टरांची ही बाग समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांवर सुरू होऊन अडीच हजार मीटरांपर्यंत चढत जाते, आणि चढताना दम लागतो तेव्हा एका माळ्याने हा सगळा उतार टप्प्याटप्प्याने कसा सोडवला असेल याचा अंदाज येतो. मराठीत आपण ‘माळी’ हा शब्द फार हलका करून ठेवला आहे. या माणसाच्या हातात पाण्याचा निचरा, मातीचा पोत, कलमे आणि पुढे औषधाची रसायनेही होती. त्याच्याबद्दल पुढे पुन्हा लिहावे लागेल.

बागेत लोक ज्या गोष्टींसमोर थांबतात त्यांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे मानले जाणारे अश्मीभूत खोड आहे, माकडालाही चढता येऊ नये अशा काटेरी पानांची चिलीकडची अरौकारिया आहे आणि कॉर्कचे झाडही आहे. शेवटच्यापाशी मी घोटाळले. आपण पुण्या-साताऱ्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतो ते खरे तर आकाशमोगरा, ब्रह्मदेशाकडून आलेले आणि रात्री पांढऱ्या लांब नळीच्या फुलांचा सडा घालणारे. त्याच्या मऊ सालीवरून ते नाव पडले. दोन बुचांमध्ये नात्याचा काहीही संबंध नाही. 1896 पासून मे महिन्यात येथे पुष्पप्रदर्शन भरते आणि त्याच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने 1995 मध्ये गावात स्वतंत्र गुलाबबाग उभी राहिली; आम्ही गेलो तेव्हा गुलाबांची छाटणी झालेली होती, त्यामुळे त्या बागेविषयी मला विशेष काही सांगता येणार नाही.

उद्यानाच्या अगदी वरच्या टोकाला तोडा लोकांची वस्ती, म्हणजे ‘मुंद’, आहे. बाग त्यांच्या वस्तीपर्यंत चढत गेली, वस्ती बागेत आली नाही, हा क्रम लक्षात ठेवायला हवा. आज बहुतेक घरे सिमेंटची आहेत, पण अर्ध्या पिंपासारखे कमानदार छप्पर असलेली, सरपटतच आत शिरावे लागेल इतक्या लहान दाराची जुन्या धाटणीची झोपडी पाहायला मिळते. लाल-काळ्या धाग्याने शालीवर भरतकाम करत बसलेल्या एका वृद्ध बाईंशी भावाने खुणांनी आणि मोडक्या तमिळमध्ये बोलणे सुरू केले. तिथल्या एका तरुणाने इंग्रजीत समजावून सांगितले की अशा झोपडीचे छप्पर ज्या गवताने शाकारतात ते पाणथळीतच उगवते, आणि आता ते गोळा करायला पुष्कळ लांब जावे लागते. मॅकआयव्हरने खाली ज्या प्रकारची पाणथळ कोरडी केली होती, तशा कितीतरी पाणथळी या पठारावर बटाट्यासाठी, गाजरासाठी आणि इमारतींसाठी बुजल्या. सलिव्हनची गोष्ट येथे थोडी गुंतागुंतीची होते. एक रुपया एकराने जमीन घेणारा हाच माणूस पुढे, तोडा हेच या भूमीचे खरे मालक आहेत, असे आपल्याच सरकारला लिहून भांडत राहिला. माणसाला एका रकान्यात बसवता आले असते तर इतिहास लिहिणे फार सोपे झाले असते.

त्यानंतर वनखात्याच्या वाहनातून अवलांची भागातले शोला रान पाहिले. येथे येईपर्यंत बागांमध्ये जे शोधत होते ते न लावलेल्या अवस्थेत समोर आले. घड्यांघड्यांचे गवताळ डोंगर आणि फक्त त्या घड्यांच्या खोबणीत, जिथे पाणी झिरपते आणि वारा लागत नाही तिथे, बुटक्या झाडांचे गच्च पुंजके: ही शोला. झाडांचे शेंडे छाटल्यासारखे एकसारखे असतात, खोडांवर शेवाळे आणि आमरी, म्हणजे ऑर्किड, दाटलेल्या असतात. ओळखीची कुळे भेटली तेव्हा फार बरे वाटले. जांभळाची भावंडे होती, दालचिनीची होती, आणि आपल्या सोनचाफ्याचा पांढऱ्या फुलांचा डोंगरी भाऊही होता. गवतावर एकटाच उभा असलेला ऱ्होडोडेंड्रॉन लाल फुलांनी पेटला होता. हिमालयातला हा वृक्ष दक्षिणेत एवढ्या उंचीवर तग धरून राहिला आहे.

गवताळ उतारावर झाडे का नाहीत, हा प्रश्न पहिल्या इंग्रजांना पडला आणि त्यांनी उत्तर ठरवले की ही जमीन पडीक आहे. खरे कारण मी बागेच्या हिरवळीवर सकाळी पाहिलेच होते. उघड्या उतारावर दहिवर पडते, रानातल्या झाडांची कोवळी रोपे त्याने करपतात आणि गवत मात्र मुळांशी जिवंत राहते. ‘पडीक’ ठरलेल्या या कुरणांवर आधी सरपणासाठी ऑस्ट्रेलियातली निलगिरी आणि वॉटल म्हणजे बाभळीच्या जातीची झाडे लावली गेली, कारण शोलातले लाकूड छावण्या आणि बंगल्यांच्या चुलींना पुरेनासे झाले होते. स्वातंत्र्यानंतर चामडे कमावण्याच्या टॅनिनसाठी आणि रेयॉनच्या लगद्यासाठी आपल्याच वनखात्याने ही लागवड कितीतरी वाढवली. दहिवराला न जुमानणारे वॉटल आता न लावताही पसरते आहे. उदगमंडलमहून येताना ज्या उंच, सुवासिक, ‘जंगली’ रस्त्याने माझा भाऊ खूश झाला होता, तो सगळा लावलेला होता. मी हे त्याला लगेच सांगितले नाही.

याच कुरणांवर कुरिंजी फुलते, जी बारा वर्षांतून एकदाच उतार निळे-जांभळे करते. मागचा मोठा बहर 2018 चा आणि पुढचा 2030 मध्ये अपेक्षित आहे. डोंगराच्या नावाचे श्रेय अनेक जण तिला देतात. प्राचीन तमिळ संगम काव्यात तर पर्वतप्रदेशालाच कुरिंजी हे नाव आहे. आम्हाला तिची फक्त कोरडी झुडपे दिसली, पण सह्याद्रीतल्या माणसाला ती परकी वाटत नाहीत, कारण सात वर्षांनी फुलणारी आपली कारवी तिचीच सख्खी नातलग आहे.

शेवटच्या दिवशी गुडलूरच्या वाटेने म्हैसूरकडे उतरताना आम्ही नडुवट्टमला थांबलो. माझ्या यादीतले हे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण होते, आणि तेथे बाग अशी काही उरलेली नाही. एकोणिसाव्या शतकात हिवतापावर एकच खात्रीचे औषध होते, दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना वृक्षाच्या सालीतले क्विनाईन, ज्याला आपल्या आज्या कोयनेल म्हणत. 1820 मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते सालीतून वेगळे केले आणि त्यानंतर साम्राज्यांना ती साल स्वतःच्या ताब्यात हवी होऊ लागली. क्लेमेंट्स मार्कहॅम हा इंग्रज अधिकारी 1860 मध्ये पेरूतून रोपे घेऊन आला. स्थानिकांचा विरोध चुकवत मिळवलेली ती रोपे काचेच्या बंद पेट्यांतून आधी इंग्लंडला आणि मग तांबड्या समुद्राच्या भट्टीतून भारतात आली, आणि येथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मेली. त्याच सुमारास इक्वाडोरमध्ये आजारी अवस्थेत काम करणारा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस आणि त्याचा सहकारी रॉबर्ट क्रॉस यांनी तांबड्या सालीच्या सिंकोनाच्या सुमारे एक लाख बिया आणि सहाशेहून अधिक रोपे जमवली. निलगिरीवर जगली ती ही. याला चोरी म्हणावे की नाही यावर वर्गात वाद होत असत. ज्यांच्या रानातून बिया गेल्या त्यांच्या हाती काही पडले नाही, एवढे मात्र निर्विवाद आहे.

रोपे सोपवली गेली ती उदगमंडलमच्या त्याच माळ्याकडे. मॅकआयव्हरने दोड्डबेट्टावर आणि नडुवट्टमला मळे उभे केले, कलमांनी रोपांची संख्या वाढवली आणि एक शोध लावला, जो मला त्याच्या बागेपेक्षाही मोठा वाटतो. साल काढायची तर झाड तोडावे लागे. त्याने झाड उभेच ठेवून सालीच्या काही उभ्या पट्ट्या सोलल्या आणि खोडाला ओले शेवाळे गुंडाळले. झाकलेल्या जागी नवी साल धरली, आणि तिच्यात क्विनाईन पहिल्यापेक्षा जास्त निघाले. हे वाचून माहीत होते, पण अवलांचीच्या शोलात शेवाळ्याने गुंडाळलेली खोडे पाहिल्यानंतर ही कल्पना त्याला कोठून सुचली असेल असा तर्क मनात येतोच. 1876 मध्ये तो वारला.

मळ्यात राबणाऱ्या माणसांचीही आठवण येथे आहे. मलायाकडच्या इंग्रजी वसाहतींतून मद्रास इलाख्यातल्या तुरुंगात पाठवलेले चिनी कैदी 1860 च्या दशकात नडुवट्टमला आणून कामाला लावले होते. शिक्षा संपल्यावर त्यांतले काही याच भागात राहिले आणि तमिळ स्त्रियांशी त्यांनी संसार मांडले. जुन्या तुरुंगाची इमारत अजून उभी आहे, बुटकी, जाड भिंतींची, आणि आता तिच्या सभोवती चहाच चहा आहे.

चहा का, याचे उत्तर बाजारात आहे. चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याला मान्वेल इन्क्रा मामानी या आयमारा जमातीच्या नोकराने बोलिव्हियातून अतिशय कसदार सिंकोनाच्या बिया मिळवून दिल्या. 1865 मध्ये इंग्लंड सरकारने त्या नाकारल्या आणि डचांनी त्यांतल्या पौंडभर विकत घेतल्या. त्या बियांवर जावा बेटाने जगाचा क्विनाईनचा बाजार काबीज केला. मामानीला मात्र या कामापायी तुरुंगवास आणि मारहाण सोसावी लागली, आणि त्यातच तो मेला. भाव कोसळल्यावर निलगिरीवरच्या खासगी मळेवाल्यांनी सिंकोना उपटून चहा लावला. सरकारी मळे आणि कारखाना चालू राहिले, आणि 1890 च्या दशकापासून देशात टपाल कचेरीतून क्विनाईनच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या.

आमच्या जिल्ह्याचाही या गोष्टीत एक लहानसा, अयशस्वी वाटा आहे. 1860 च्याच दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. उंची चालण्यासारखी होती, थंडी होती. पण वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस त्या झाडाच्या मुळांना मानवणारा नव्हता, आणि दहा-बारा वर्षांत तो प्रयोग सोडून द्यावा लागला. लहानपणी लिंगमळ्याचा धबधबा पाहायला मी कितीदा तरी गेले होते, तेव्हा हे कोणी सांगितले नव्हते.

नडुवट्टमला चहाच्या मळ्याच्या कडेला सिंकोनाची काही जुनी झाडे उभी आहेत. मोठी, लाल शिरांची पाने, बाकी काही डोळ्यांत भरण्यासारखे नाही. मळ्यातल्या एका कामगाराला मी काय शोधते आहे हे समजल्यावर त्याने खाली पडलेल्या फांदीवरची बोटभर साल सोलून माझ्या हातावर ठेवली. मी तिचा तुकडा चावला. भावाने विचारले, “कशी लागते?” मी उरलेली साल त्याच्या हातात दिली. त्याने दाताखाली धरली, तोंड वाकडे केले आणि म्हणाला, “आजीचे कोयनेल.” बस गुडलूरला पोहोचेपर्यंत आम्ही दोघेही पाणी पीत होतो, आणि कडूपणा जात नव्हता.